तिसरा ठिपका

नवं माणूस भट्टीवर आलं की ठिणगीतात्या त्याचं नाव-गाव काही विचारत नसत. त्याच्या हातातली सुरी काढून घेत, धार लावायच्या चाकावर क्षणभर टेकवत आणि उडालेल्या ठिणग्यांवरून त्या सुरीची कुंडली मांडत. लांब, सरळ, न फुटणाऱ्या ठिणग्या पडल्या की म्हणत, "हे नुसतं लोखंड. खिडकीला गज कर ह्याचा." ठिणग्या जवळच फुटून फुलबाजीसारख्या पसरल्या की चेहरा उजळे. "ही मागच्या जन्मी कानस होती. तापट जात. धार धरेल, पण आपटलीस तर तुकडे." पूर्णगडच्या रस्त्यावरची ती भट्टी म्हणजे फुकटचं नाटक होतं, आणि मी पहिल्या रांगेत, पालथ्या घमेल्यावर बसून ते वीसेक वर्षं पाहिलं.

कोयतीला ते गाडीच्या स्प्रिंगचा पाटा घेत, कारण तो घाव खातो आणि तक्रार करत नाही. मासे कापायच्या सुरीला जुनी कानस. बेअरिंगच्या पोलादाला ते 'थोरला जावई' म्हणत: मानपान पुष्कळ, वाकायची तयारी शून्य. आणि स्टेनलेस? "गंजत नाही, चकाकतं, गोड बोलतं. कापायची वेळ आली की कुठे दिसत नाही. तुझ्यासारखं." मी विम्याचा एजंट. भट्टीवरची सगळी मंडळी हसत, आणि सर्वांत मोठ्याने मी.

एकदा मी ऐटीत ऑनलाइन मागवलेली सुरी घेऊन गेलो. पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी. तात्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, राखेची चिमूट घेऊन खसाखसा घासली. लाटा गेल्या. "हे पोलाद नाही रे मेल्या, साडी आहे. रंग जातो." मग आपणहून मला एक सुरी करून दिली. मुठीजवळ त्यांची खूण ठोकली, तीन ठिपके. तीन ठिपक्यांची धार वळली तर परत आणा, हा त्यांचा शब्द होता. तो कुठे लिहिलेला नव्हता, पण खाडीच्या दोन्ही तीरांना माहीत होता.

त्यांचा लाडका शब्द 'थकलेलं'. घाटातल्या गाड्यांचे पाटे आले की ते त्यांच्यावरून हात फिरवत. "वर्षानुवर्षं माणसं वाहिलीत ह्याने. लगेच घण कसा घालायचा?" मग तो पाटा लाल तापवून राखेत पुरून ठेवत. सावकाश निवू द्यायचा. "निजू दे त्याला," म्हणत आणि स्वतः भिंतीला टेकून डोळे मिटत. शेवटच्या वर्षांत कोण आधी उठायचं, पाटा की तात्या, सांगता येत नसे.

त्याच काळात शेवंतीमावशी आल्या, मासळी विकणाऱ्या. टोपली खाली ठेवून म्हणाल्या, "तात्यानू, सुरी दिलात की मेणबत्ती? सुरमईच्या मणक्यावर धार वळली!"

"हल्लीचं पोलादच थकलेलं येतं, त्याला मी काय करू?" तात्या म्हणाले.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी पोलादाला शिव्या दिल्या. त्या एकट्या नव्हत्या. वाडीत बरेच जण हेच म्हणत होते, पण तात्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

मग तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याने ते भट्टीवर परतले, तेव्हा मी हजर होतो. आधी आभाळ बघून खूश झाले. मग खुंटीवरची, आपणच करून ठेवलेली कोयती काढली, उन्हात धरली आणि तशीच धरून राहिले.

"ही जांभळासारखी निळी कुणी केली?"

सांगायला हवं की लाल तापलेल्या पोलादाला पाणी दिलं, म्हणजे पाण्यात बुडवलं, की ते काचेसारखं कडक होतं. मग त्याला हलकं पुन्हा तापवतात आणि पात्यावर रंग चढत जातो: आधी सुक्या गवताचा, मग चिकूच्या सालीचा, मग जांभळा, मग निळा. कोयतीला चिकूपाशी थांबायचं, सुरीला गवतापाशी. निळं झालं की धार मऊ पडते. तात्यांच्या डोळ्यांवर पिवळी साय चढली होती. निळ्यालाही ते चिकू समजून थांबत होते. तीन वर्षं.

"पोलाद थकलं नव्हतं रे," ते एवढंच म्हणाले, आणि घमेल्यावर, माझ्या जागेवर, बसले.

दुसऱ्या दिवसापासून आमची वरात निघाली. मी स्कूटरवर, मागे तात्या, मध्ये गोणपाटात बांधलेल्या कोयत्या नि सुऱ्या. घरोघर जाऊन ते तीन ठिपके तपासत. नजर गेली तसा तिसरा ठिपका ओळ सोडून खाली घसरू लागला होता. घसरलेला दिसला की हत्यार गोणपाटात. नाक्यावर हवालदाराने अडवलं. "एवढी हत्यारं कुठे चाललीत?" तात्या हात जोडून म्हणाले, "साहेब, ह्यातलं एकही कापत नाही, म्हणून तर परत नेतोय." शेवंतीमावशींच्या ओट्यावर मात्र त्यांना विनोद सुचला नाही. "मावशी, तुमचं खरं होतं," म्हणाले. मावशींनी सुरी दिली आणि आत जाऊन चहा ठेवला.

पावसाळ्याच्या तोंडापर्यंत ते एकटे ती गोणपाटं उपसत होते. तापव, पाणी दे, रंग बघ, धार लाव. खोकला थांबायचा नाही. शेवटची कोयती ठेवून ते भिंतीला टेकले. "आता माझ्याच्याने एकही व्हायची नाही," म्हणाले, आणि लगेच, "तुझी राहिली ना रे? बघू."

मी सुरी दाखवली. तिसऱ्या ठिपक्यावर अंगठा ठेवून. "माझी चोख आहे, तात्या. लोण्यासारखं कापते."

आयुष्यभर मी गोड बोललो, पण एवढं गोड कधीच नाही.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे जेवायला आले. ताटात सुरमईची तुकडी पडली. कड फाटलेली, कातडं लोंबणारं. तात्यांच्या नव्या डोळ्यांना ते दिसणार नाही असं कसं होईल? त्यांनी तुकडी उलटीसुलटी केली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मासळी ताजी होती हो." मग सगळी तुकडी खाल्ली.

भातकापणीच्या आत तात्या गेले. वाडीतल्या कोयत्या त्या हंगामात झकास चालल्या. माझी सुरी तेवढी दर रविवारी दोनदा दगडावर घासावी लागते. बायको म्हणते, नवी आण. मी हो म्हणतो, आणि अंगठा ठिपक्यावर ठेवून पुन्हा घासायला बसतो.