चुंबकाच्या खोलीबाहेरची मावशी

विजेच्या डीपीची घरघर ऐकली की मला दौंडच्या दवाखान्यातली तशीच घरघरणारी चुंबकाची खोली आठवते. रांजणगावच्या रस्त्यावर गाडीवरून पडून मोडलेलं माझ्या पायाचं हाड जुळेना. "चुंबकानं हाडाच्या पेशी जाग्या होतात," असं डॉक्टर म्हणाले. मशीनच्या कड्यात पाय घालून पडलो, तशी तिथली मुलगी म्हणाली, "काका, घड्याळ, मोबाईल द्या, इथं खराब होतात. संगं कोण हाय?" एकटा म्हणायची लाज वाटली. "मिसेस बाहेर बसल्यात," मी ठोकून दिलं. लग्नाचाच पत्ता नव्हता! मुलगी वस्तू घेऊन थेट बाहेर गेली; आता माझी थाप उघडी पडणार! पण ती रिकाम्या हातानं परतली. चुंबकाचा शेक संपवून लंगडत बाहेर आलो, तर बाकावर एक अनोळखी म्हातारी माझ्या वस्तू पदरात घेऊन बसलेली. "पोरगी दोनदा ओरडली, कुणी उठंना. मंग मीच म्हणले, मी त्याची मावशी. उद्या कोण येनार?" "मिसेस," मी म्हणालो. "म्हंजी मलाच यावं लागंल," ती हसली. आणि रोज आली. हाड जुळलं, येणं-जाणं संपलं. परवा उगाच त्या बाकावर जाऊन बसलो. नव्या मुलीनं विचारलं, "काका, आत तुमचं कोण हाय?" एवढा थापाड्या मी, पण मला एकही नाव सुचेना; मावशीचं तर कधी विचारलंच नव्हतं.