बरणीवरचा बर्फ

माझे पती करोनात गेले. त्यांनी जमवलेली चिनी भांडी विकायची जाहिरात मी दिली, तेव्हा नेदरलँड्समधल्या उइटहॉर्नच्या आमच्या घरी एक उंच, म्हातारे डच गृहस्थ आले. बशा त्यांनी नीट पाहिल्याच नाहीत. मास्कच्या वरची नजर सारखी कपाटावरच्या निळ्या-पांढऱ्या बरणीकडे. मला संशय आला. फुटकी म्हणून ती स्वस्तात पदरात पाडून घ्यायचा बेत असणार.

"ती विकायची नाही. तिला तडे गेलेत," मीच म्हणाले.

"तडे नाहीत, मेव्राऊ," ते डच पद्धतीनं मला 'बाई' म्हणत बोलले. " तो वितळता बर्फ रंगवलाय. त्यावर ही प्लमची फुलं, थंडी सरायच्या आधी फुलणारी." हात पाठीमागे बांधूनच ते वाकले. "चीनमध्ये नव्या वर्षाला अशा बरणीतून भेट पाठवत. बरणी मात्र ठेवून घ्यायची नसे. रिकामी करून परत द्यायची."

"तुम्हाला?" मी फटकारलं.

ते हसले. "आत काय आहे?"

मी बशा कागदात गुंडाळायला घेतल्या. विमानं बंद होती म्हणून ह्यांच्या अस्थी तिच्यात ठेवल्या होत्या. विमानं सुरू होऊन चार महिने झाले, तरी मी तिकीट काढलं नव्हतं.

ते दोन बशा घेऊन गेले. पुढच्या महिन्यात मी नाशिकला जाऊन आले. रिकामी बरणी आता त्यांनाच द्यावीशी वाटते. पण संशयापोटी मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.