वर्षभर न मारलेली हाक

घशाच्या इस्पितळात तिला सगळे आत्याच म्हणायचे, कारण ती साहेबांनाही भाच्यासारखं झापायची. ऑपरेशनमुळे ज्यांचा आवाज जाणार, त्यांचे शब्द आधी रेकॉर्ड करून ठेवायचे आणि ते सांभाळायचे, हे तिचं काम. पुढे ती माणसं यंत्रावर टाइप करायची आणि यंत्र त्यांच्याच आवाजात बोलायचं.

एक शब्द म्हणजे एक फाइल. अशा कोट्यवधी बारक्या फाइली ढीगभर मशीनवर विखुरलेल्या. पण कुठली कुठे आहे हे ध्यानात ठेवणारं मशीन एकटंच! दर फाइलीमागे त्यात एक नोंद, त्यामुळे ते भरत आलं आणि सगळंच रखडायला लागलं. साहेबांनी काय करावं? डिस्कांची दोन नवी कपाटं आणली आणि त्यांच्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. आत्या कानीकपाळी ओरडत होती, की जागा आहे हो, नोंदी जास्त झाल्यात. एकेका माणसाचे शब्द एकाच फाइलीत बांधू द्या, आठवडाभर नवं रेकॉर्डिंग थांबवा. थांबवा म्हटल्यावर साहेबांच्या कपाळाला आठ्या. त्यापेक्षा वर्षभर कुणी न उघडलेल्या फाइली पुसा, असा हुकूम सुटला. आत्या मुलीच्या बाळंतपणाला गेलेली असताना तो अमलातही आला. प्रत्येक फाइलीच्या तीन प्रती ठेवतो म्हणून मिरवायचे. पुसताना तिन्ही जातात, एवढंही कळू नये?

अहो, माणूस एखादा शब्द वर्षभर का वापरत नसेल, याचा विचार नको?

एक बसड्रायव्हर काका होते. ऑपरेशनच्या आधी ‘ठकू’ ही मुलीला मारायची हाक त्यांनी आत्यासमोर बसून पुन्हा पुन्हा रेकॉर्ड करून घेतली होती, मनासारखी येईपर्यंत. पुढे मुलीशी बिनसलं, बोलणं तुटलं. ती एकदाची परत आली, तेव्हा काकांनी टाइप केलं, ‘ये ठकू.’ यंत्र ‘ये’ म्हणालं काकांच्या आवाजात, आणि ‘ठकू’ कुठल्याशा परक्या, ठोकळेबाज आवाजात. पोरगी दारातच रडायला लागली.

आत्या दोघांना घेऊन साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, “एकच तर शब्द गेलाय.”

“तो यांच्या मुलीचा होता,” आत्या म्हणाली.

तिथून उठून तिने रेकॉर्डिंगच्या खोलीला कुलूप घातलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि आठवडाभर फाइली बांधत बसली. नोकरीवरून काढायचं तर काढा म्हणाली. कुणाची हिंमत झाली नाही.

आता सगळं झरझर चालतं. साहेब पाहुण्यांना अजून कपाटंच दाखवतात. आणि काका, मुलीला बोलवायचं असलं की टेबलावर टकटक करतात.