पुट्टी

शीळफाट्याच्या गॅरेजमधला तो डेंटर जुन्या गाड्यांचा पत्रा हाताने ठोकून घडवतो. रंगाखाली पत्र्याऐवजी पुट्टी सापडली की शिव्या घालतो.

मी हौसेने घेतलेल्या जुन्या गाडीच्या दारावर पत्रा तपासायचं त्याचं चुंबक चिकटेचना.

"गाडी घेतली का भिंत?" तो माझ्यावरच भडकला आणि हातोडीने पुट्टी फोडत सुटला. आतला पत्रा गंजून चाळणी झालेला. "यात पोरांना बसवणार होता?"

मलाही संताप आला. "कोणी केलंय हे काम?"

तो आतल्या जुन्या वेल्डिंगकडे बघत राहिला.

"मीच. गाडीच्या तेव्हाच्या मालकाला घाई होती आणि मी ऐकलं," तो म्हणाला. मग मला काही न विचारता त्याने दुसरं दार फोडायला घेतलं.