कारणाची चौकट

आमच्या हॉस्पिटलात सगळ्यात जास्त शिव्या कुणी खाल्ल्या असतील, तर त्या घंटीकाकांनी. त्यातल्या निम्म्या माझ्या. मी तिसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डची सिस्टर. बावीस वर्षं नोकरी झाली, जीभ पहिल्यापासूनच तिखट. काका मूळचे आमच्याच औषध काउंटरवरचे फार्मासिस्ट. कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांना तळघरात बसवलं, पूर्वी मोडक्या व्हीलचेअर ठेवायचो त्या खोलीत. डॉक्टरांनी औषध लिहिलं किंवा आम्ही ते द्यायला घेतलं आणि त्यात काही धोका असला, की पडद्यावर पिवळी सूचना यायची आणि टिंग वाजायचं. कुठे वाजवायचं, त्याचे नियम काका करायचे.

आता वाजायचं म्हणजे किती? तापाची साधी गोळी दिली तरी टिंग. तीच गोळी संध्याकाळी दिली तरी टिंग. एका सकाळी मी मोजल्या, शहाण्णव भरल्या. बरं, नुसती बंद करायची सोय नाही. खाली कारण लिहायची चौकट, ती भरल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. डॉक्टर एक टिंब टाकायचे आणि एंटर मारायचे. घाईत असले की मीही तेच करायची, पण चिडले की लिहायची. "कळलं." "सकाळीही कळलं होतं." "तुम्हीच या आणि द्या." कधी याहून वाईट. ते कुणी वाचत असेल असं माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मग वरून हुकूम सुटला, महिन्याभरात निम्म्या घंट्या बंद करा. काका वही घेऊन एकेका वॉर्डात दिवसभर बसू लागले. कोण कुठली सूचना न वाचता उडवतं, ते टिपायचं. आमच्याकडे आले ते माझ्या ट्रॉलीशेजारी स्टुलावर गुडघे जुळवून बसले, लग्नात ओळखीचं कुणी नसलेल्या पाहुण्यासारखे.

"काका, ती साठीची घंटी आधी उपटा," मी सुरुवातच केली. "साठीच्या वरच्याला दुखण्याची गोळी लिहिली की टिंग. माझ्या वॉर्डात साठीच्या आतलं आहे कोण? मी आणि फरशी पुसणारा."

"बघतो," काका वहीत बघत म्हणाले.

पाच नंबरच्या आजींच्या गोळ्या आणि इंजेक्शन द्यायची वेळ झाली होती. इंजेक्शन भरलं, बोलत बोलतच कॉम्प्युटरवर नोंद केली. एकामागून एक तीन सूचना आल्या, मी तीन टिंबं टाकली. ट्रे उचलणार तोच काकांनी त्यावर तळहात ठेवला. हा माणूस कुणाला मध्ये अडवेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

"सिस्टर, थांबा. आत्ता काय काय बंद केलंत?"

"तुमचीच ती साठीची."

"ती पहिली. दुसरी किरकोळ होती. तिसरी?"

तिसरी मला सांगता येईना. मागे जाऊन उघडली. आजींना पेनिसिलिनची ॲलर्जी होती, आणि माझ्या ट्रेमध्ये तेच इंजेक्शन भरून ठेवलेलं. मनगटावरची लाल पट्टी आदल्या दिवशी सलाइनसाठी हात बदलताना कापली होती, नवी बांधायची राहिली होती. डॉक्टरही सकाळी तीन टिंबं टाकूनच पुढे गेले होते. मी ते ट्रेमधून काढून बाजूला ठेवलं.

"टोचायचं तर टोचून टाका," आजी म्हणाल्या, "माझी सून यायची वेळ झाली."

डॉक्टरांना बोलावून औषध बदलून घेतलं, नवी पट्टी बांधली. दुपारी मी तळघरात गेले. माफी मागायची होती, आणि ते काम मला नीट जमत नाही.

"चूक माझी आहे," मी तोंड उघडायच्या आत काकाच म्हणाले. "न वाचायची सवय तुम्हाला मीच लावली." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. नियमांची यादी होती, आणि प्रत्येक नियमापुढे तो कुणी केला आणि का केला, ते लिहिलेलं. पहिलाच नियम साठीच्या घंटीचा. 'का' या रकान्यात होतं, "घरगुती कारण." आपण रजेच्या अर्जात लिहितो तसं.

"आमची ही इथेच गेली," काका म्हणाले. "एकसष्टावं चालू होतं. कंबर दुखायची म्हणून गोळ्या लिहून दिल्या. किडनी आधीच कमजोर होती, रिपोर्ट फाइलमध्ये होता. कुणी पाहिला नाही. गोळ्या काउंटरवरून मीच दिल्या, सिस्टर. मोजून, पाकिटात घालून."

मी पडद्यावरचं ते "घरगुती कारण" पुन्हा वाचलं.

"ऐंशी नियम काढले. हा काढायला हात धजत नाही. शुक्रवारी यादी द्यायची आहे. हा काढला तर तिचं इथे काय राहिलं?"

"आणि ठेवला तर माझ्या आजींचं काय?" मी म्हणाले. जीभ चावली, पण शब्द सुटून गेला होता. आणि खरं सांगायचं तर कुणीतरी ते बोलायलाच हवं होतं.

काकांनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाले, "मी रोज सकाळी आलो की कारणं वाचतो. घरी बोलायला कुणी नाही. मुलगी लांब असते, रविवारी फोन येतो. इथे तेवढी तीनशे माणसं मला लिहितात. बहुतेक टिंबंच असतात. तुम्ही मात्र शब्द लिहिता."

"काय लिहिते मी?" मी विचारलं.

"'मेल्या, तुला दुसरा उद्योग नाही का?'" काका हलकंसं हसले. "खरं तर नव्हता."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

शुक्रवारी काकांनी नियम काढला नाही, पण बदलला. आता किडनीचा रिपोर्ट वाईट असेल तरच घंटी वाजणार, वयाचा संबंध नाही. बाकीच्याही निम्म्या गेल्या. वॉर्ड इतका शांत झाला की पहिले दोन दिवस आम्हाला कॉम्प्युटर बिघडल्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी मला पेढे मागितले, जसं काही मीच केलं.

एकोणीस दिवसांनी सकाळच्या राउंडला ती घंटी वाजली. दोन नंबरचे सुतार, पाठदुखीवर गोळी लिहिलेली. डॉक्टर थांबले. पडद्याकडे वाकून पूर्ण वाचलं. "अरे, यांची किडनी बघा," असं स्वतःशीच म्हणाले आणि गोळी बदलली. मी हातमोजे काढून टाकले आणि जिन्याने खाली धावले.

काकांनी आधीच पडदा उघडला होता.

"वाचलं त्यांनी," मी धापा टाकत म्हणाले. "पूर्ण वाचलं. गोळी बदलली."

"दिसतंय." काकांनी बोट ठेवलं. कारणाची चौकट रिकामी होती. घंटीचं ऐकून औषध बदललं की कारण लिहावं लागत नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. काका त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "असंच व्हायला हवं होतं." मग जरा थांबून, "आता सकाळी आलो की वाचायला फारसं काही नसतं, सिस्टर."

मी कोपऱ्यातली खुर्ची ओढून बसले. काय बोलले ते आठवत नाही. पाच नंबरच्या आजींची सून कशी भांडते तेही सांगितलं असेल. काका ऐकत होते. वॉर्डात परतायला वीस मिनिटं उशीर झाला. मेट्रनने उशिराची वही पुढे केली आणि कारण लिहायला सांगितलं. मी लिहिलं, "घरगुती कारण."