बाविसावा दोष

रविवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी पद्मजा भुसारी गाडीच्या पुढच्या चाकापाशी बसून टायरची झीज मोजत होत्या. पट्टी ऑफिसातली. आकडा त्यांनी यादीत अनुक्रमांक एकवीसपुढे लिहिला.

वय अठ्ठावन्न. नव्या रायपुरात मंत्रालयात कक्ष अधिकारी, घर जुन्या रायपुरातल्या तात्यापाऱ्यात. गाडी त्यांचे पती श्यामकांत यांची. ते रेल्वेत होते, दोन वर्षांपूर्वी गेले. वारस म्हणून गाडी पद्मजाबाईंच्या नावावर झाली, पण त्यांना चालवता येत नाही. उभी राहून सडतेय, विकून टाका, असं मुलगी ईरा वर्षभर म्हणत होती.

शेवटी त्यांनी ती विकायला काढली. घेणाऱ्याला सगळं कळणं हा त्याचा हक्क आहे, म्हणून आधी दोषांची यादी द्यायची, मग किल्ली. डावं दार पंडरीतल्या गॅरेजात ठोकून घेतलेलं. एसी दुपारी दमतो. पावसात डिकीत पाणी येतं. आठ गिऱ्हाइकं यादी वाचून परत गेली. प्रत्येक जण गेला की पद्मजाबाई गाडी पुसून तिच्यावर कव्हर घालत. सुरुवातीला यादीत चौदाच दोष होते.

"आई, गाड़ी बेच रही हो या लोगों को भगा रही हो?" ईराने विचारलं.

"एक तरी खोटं लिहिलंय का त्यात?"

"वही तो प्रॉब्लम है."

नववं गिऱ्हाईक साडेआठला आलं. लहानू ठाकरे, कापडाच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर. त्याने एकेका ओळीवर बोट ठेवत यादी वाचली.

"ताई, माह्या सासऱ्यानं एवढं सांगतलं असतं तं माहं लगनच झालं नसतं!"

मग तो पुढच्या डाव्या सीटवर बसला, खालचा दांडा ओढला. सीट हलेना. त्याने पायपुसणं उचललं.

"हे वेल्डिंग काहून केलं? सीट सरकूनच नाही राहिली. हे तं लिवलं नाही तुमी."

पद्मजाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ब्रेक लागला की ती सीट पुढे घसरायची आणि पाय दुमडायचा. श्यामकांतनी ती मागे ओढून, पाय सरळ राहील अशा जागी कायमची बसवून घेतली. पुढची सात वर्षं त्या रोज तिथे बसून ऑफिसला गेल्या.

"तो दोष नाही," त्या म्हणाल्या.

"मंग काय हाय?"

ईरा दारातून हळूच म्हणाली, "आई, नहीं बेचनी तो अभी बोल दो."

पद्मजाबाईंनी लहानूला विचारलं, "घेतलीत तर हे काढणार?"

"काढाच लागंन ना. मागं आमची बुढी बसन, तिचे पाय कुठं ठेवू?"

त्यांनी कागद बॉनेटवर ठेवला. 'बावीस. डावी पुढची सीट सरकत नाही. मुद्दाम बसवलेली.' दुसरं वाक्य वाचून त्यांनी ते खोडलं. घेणाऱ्याला त्याचा उपयोग नव्हता.

"हव, आता पक्कं," म्हणत लहानूने खाली सही केली.

"पाच मिनिटं थांबा," पद्मजाबाई म्हणाल्या. त्या डाव्या सीटवर जाऊन बसल्या, पाय लांब केले, दार लावून घेतलं. लहानू गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

उद्या सोमवार. गाडी त्याच्या नावावर करण्याच्या अर्जावर साडेदहाला परिवहन कार्यालयात दोघांच्या सह्या व्हायच्या आहेत. पद्मजाबाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे.