खिडकीबाईंचा परीक्षक

पाणीखात्याच्या तक्रारखिडकीत तेवीस वर्षं बसून जिने लोकांची बोलणी खाल्ली, ती आता बोलण्याचे पैसे घेते, हे तिच्या नणंदेच्या काही पचनी पडत नाही.

"वहिनी, घरात फुकट बोलता तेच ना तिथे?" तिने एकदा विचारलंच.

"तेच. फक्त तिथे लोक ऐकतात."

खिडकीबाई हे नाव गल्लीने ठेवलेलं. बाईंनी ते खुशाल उचलून व्हिजिटिंग कार्डावर छापलं. कंपन्यांच्या संमेलनांत त्या बीजभाषण करतात, म्हणजे ज्याच्यासाठी सगळ्यांना खुर्च्यांवर आणून बसवतात ते मुख्य भाषण. विषय एकच, चिडलेल्या माणसाशी कसं बोलावं. या धंद्यात पहिलं बोलावणं कुणालाही येतं. एखादा साहेब भारावतो आणि घेऊन जातो. दुसरं आलं तर माणूस टिकला म्हणायचं. एकाच भाषणावर जन्म काढायला निघालेले वक्ते बाईंनी पुष्कळ पाहिले. दोन वर्षांत त्यांच्या कार्डांच्या पाठीवर लोक वाणसामानाची यादी लिहितात.

बाई सहा वर्षं टिकल्या, त्याचं गुपित त्यांच्या घरातल्या आरामखुर्चीत बसलेलं असतं. त्यांचे यजमान. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता निवृत्त. दुपारचं जेवण झालं की बाई त्यांना खुर्चीत बसवतात आणि समोर उभ्या राहून अख्खं भाषण म्हणतात. ज्या वाक्याला यजमानांचा डोळा लागतो, तिथे पेन्सिलीने फुली. दुसऱ्या दिवशी ते वाक्य गायब. संमेलनात बाईंना हमखास जेवणानंतरची वेळ देतात. त्या वेळेला भलेभले वक्ते सभागृह निजवून घरी गेलेत, पण बाईंच्या भाषणाला कुणी पेंगत नाही. नवऱ्याच्या झोपेचा संसाराला इतका उपयोग झाल्याचं दुसरीकडे ऐकिवात नाही.

गेल्या वर्षी एका मोठ्या विमा कंपनीचं दुसरं बोलावणं आलं. माणसं तीच सहाशे, म्हणजे भाषण नवं हवं. साधलं तर कंपनी दरवर्षी बोलावणार होती. फसलं तर बोभाटा व्हायला वेळ लागत नाही, कारण संमेलनं भरवणारे लोक एकमेकांशी संमेलनांबद्दलच बोलतात.

बाईंनी नवं भाषण म्हटलं. यजमान पंचेचाळीस मिनिटं टक्क जागे. दुसऱ्या दिवशीही तेच, कागदावर एक फुली नाही. बाई आधी हरखल्या, मग त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तेवीस वर्षं खिडकीत काढलेल्या बाईला चेहऱ्यावरचं खोटं लगेच कळतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या, तर कॉफीची बरणी तळाला.

"अहो, ही कॉफी कुणी संपवली?"

"मी. जेवण झालं की दोन कप घेतोय."

"कशाला?"

"अगं, तुझा एवढा जीव टांगणीला लागलाय. त्यात मी घोरत पडू?"

"घोरा की. तुम्ही घोरला नाहीत तर तिथे ते सहाशे घोरतील."

तिसऱ्या दिवशी बरणी कुलुपात. यजमान प्रामाणिकपणे झोपले, आणि कुठे, तर बाईंना खात्याने प्रशस्तिपत्र दिलं त्या हकिगतीला. बाईंचा सगळ्यात लाडका भाग, चांगला बारा मिनिटांचा. त्यांनी नवऱ्याला हलवून जागं केलं.

"एवढं वाईट आहे का हो?"

"वाईट नाही गं. पण ते तू आपलं तुलाच सांगत होतीस."

बाईंनी अख्ख्या बारा मिनिटांवर फुली मारली. गल्लीत त्याचीही चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी त्या कंपनीच्या तक्रार विभागात जाऊन बसल्या, दोन दिवस नुसते फोन ऐकले आणि त्यातले तीन त्या बारा मिनिटांच्या जागी घातले. ते घालताना म्हणे त्यांचा चेहरा दात काढून घेतल्यासारखा होता.

संमेलनात भाषण झालं, टाळ्या झाल्या. टाळ्यांवर बाईंचा विश्वास नाही. त्या थेट व्यासपीठाजवळच्या दारावर उभ्या असलेल्या मुलीकडे गेल्या. बसलेल्यांचे चेहरे तिथून दिसतात.

"कोण कोण झोपलं?"

"कुणी नाही हो. मागच्या रांगेतले पांढऱ्या शर्टातले आजोबा तेवढे."

ते यजमान, बाईंनीच सोबत आणून बसवलेले. बाईंचा चेहरा उतरला. "कधी झोपले?"

"अगदी शेवटी. तुम्ही आभार मानायला लागलात तेव्हा."

तेवढ्यात कंपनीचे साहेब लगबगीने आले. "पुढच्या वर्षीची तारीख आत्ताच धरून ठेवा बरं का."

"धरते," बाई म्हणाल्या. त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली, आधी आभारांवर फुली मारली आणि मग तारीख लिहून घेतली.